पचमढी: पठाराआधीची नदी

पाणी घोट्याएवढंच आहे, पण ओढ जबरदस्त. सुमारे २४ कोटी वर्षं मागे आलात तुम्ही. पचमढीचं पठार अजून झालेलंच नाही. त्या जागी खोलगट प्रदेश आहे आणि शेकडो ओहोळांत फाटलेली एक रुंद नदी त्यात रेती आणून टाकते आहे. गवत नाही, फूल नाही, पक्ष्याचा आवाज नाही. यातलं काहीच पृथ्वीवर जन्मलेलं नाही. भारत विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला, गोंडवन महाखंडाचा भाग आहे.

खाली वाका. पाण्याखाली रेतीचा उंचवटा सरकतोय. प्रवाह एकेक कण माथ्यापर्यंत ढकलतो आणि तो पलीकडच्या उतारावरून घरंगळतो. तिथे तिरपा थर बसतो, त्यावर दुसरा, तिसरा. मध्येच पांढऱ्या गारेचा गोटा रुततो. हेच दाखवायला तुम्हाला इथवर आणलं.

आता झपाट्याने पुढे चला. तळ खचत जातो, रेती शेकडो मीटर साचते आणि लोह-सिलिकाने घट्ट सांधली जाते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला सह्याद्री ज्या लाव्हाने रचला, तोच इथेही वर येतो. रेतीच्या खडकातल्या भेगांमध्ये घुसून काळ्या भिंतींसारखा गोठतो. मग सगळा प्रदेश उचलला जातो. धूपगड १३५२ मीटरवर पोचतं, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर.

पाऊस जुन्या सांध्यांतून उतरतो आणि खडक उभा चिरत नेतो. हांडी खोह या दरीच्या कड्यावरून खाली बघा, म्हणजे त्या चिरण्याचा अंदाज येईल. वालुकाश्म पाणी पितो आणि घळींच्या तळाशी झिरपून सोडतो. म्हणून या उष्ण मध्य भारतात वृक्षनेचे टिकले आहेत. मला या जंगलातलं हे सर्वांत मोठं नवल वाटतं. वाघांइतकीच काळजी या ओल्या सावलीचीही घ्यायला हवी.

कड्यांखालच्या कपारींत माणसं येतात, गेरूने आणि पांढऱ्या रंगाने भिंतींवर शिकार नि मध काढणारे लोक रंगवतात. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन फोर्सिथ १८६२ साली पोचला, तेव्हा इथले गोंड आणि कोरकू हा डोंगर पिढ्यान् पिढ्या ओळखत होते. सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं १९८१ मध्ये. आज नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो माणसं नागद्वारीच्या यात्रेला येतात, भर पावसात याच निसरड्या दगडांवरून चालतात.

तुम्हीही कधी जाल. धूपगडला सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून उभे असतील. तुम्ही मागच्या खडकाकडे वळा. तिरप्या रेघा सापडतील, त्यांत पांढरे गोटे. त्या रेघा ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला ती नदी वाहत होती.