उमेदवार आणि परीक्षक

केळशीहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस निघालें, कीं आडे, आंजर्लें, हर्णै हीं गांवें मागें टाकून मुरुड लागतें. माडापोफळींच्या या टापूंत जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. त्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चार अक्षरें शिकलेल्या मुलाची दृष्टि साहजिकच सरकारी नोकरीकडे लागे. त्या नोकरीचा दरवाजा म्हणजे मराठी सहावीची ‘पब्लिक सर्व्हिस’ परीक्षा. ती उतरली, म्हणजे शाळेंत शिक्षकाची किंवा कचेरींत कारकुनाची जागा मिळण्याची आशा धरतां येई. अभ्यास गांवीं होई. परीक्षा मात्र दूरच्या शहरीं. पावसाळ्यांत बंदरें बंद पडत, आणि मग पायीं घाट चढून जाण्यावांचून गत्यंतर नसे.

१८७५ च्या सुमारास मुरुडचे धोंडो केशव कर्वे या परीक्षेसाठीं साताऱ्यास निघाले. त्यांचा जन्म १८५८ चा; म्हणजे वय अवघें सतराच्या आसपास. वाट सुमारें ११० मैलांची, मुलूख डोंगराळ आणि पाऊस मुसळधार. एवढी पायपीट करून ते परीक्षामंडळापुढें उभे राहिले, आणि मुलगा वयानें लहान दिसतो एवढ्यावरून त्यांस परीक्षेला बसूं दिलें नाहीं. गणित किती येतें, शुद्धलेखन कसें आहे, हें पाहण्याची वेळच आली नाहीं.

उमेदवाराची खरी कसोटी अशा वेळीं सुरू होते. नकार मिळाला म्हणजे मनुष्य एक तर स्वतःला नालायक ठरवितो, नाहीं तर परीक्षकाला. दोन्ही निवाडे सोपे आणि दोन्ही निरुपयोगी. विचारावयाचें तें एवढेंच, कीं नकाराचें कारण कोणत्या जातीचें आहे? अभ्यासानें दूर होणारें, पुराव्यानें दूर होणारें, कीं केवळ काळानें दूर होणारें?

वयाचाच दुसरा दाखला याच्या थोडा आधींचा आहे. १८६९ सालीं लंडन येथील सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या हिंदी तरुणांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे होते. वय अधिक आहे असें ठरवून दोघांचींही नांवें वगळण्यांत आलीं. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत आहे; घोटाळा तेथें होता. येथें कारण पुराव्यानें दूर होण्यासारखें होतें. सुरेंद्रनाथांनीं न्यायालयाची वाट धरली, हिशेबाची रीत उलगडून दाखविली, आणि नांवें पुन्हा दाखल झालीं.

कर्व्यांचें कारण निराळें होतें. कोंवळ्या चेहऱ्यावर पुरावा चालत नाहीं. त्याला काळच हवा. ते परत गेले आणि पुढील वर्षीं कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उतरले. एवढ्यावरही ते थांबले नाहींत. इंग्रजी शिक्षण पुढें चालवून १८८१ सालीं, तेविसाव्या वर्षीं, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ सालीं बी. ए. झाले. १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताची जागा त्यांच्याकडे आली, ती गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सूचनेवरून. म्हणजे या खेपेस त्यांच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिलें नाहीं. परिचितांनीं पारखलेलें काम पाहिलें.

आज केळशीच्या मुलाला मुलाखतीचें बोलावणें दूरध्वनीवर येतें, आणि घाट मोटारीनें ओलांडतां येतो. तरी तयारीचे नियम फारसे बदललेले नाहींत. वयाचा व शिक्षणाचा दाखला आधीं तपासून ठेवावा, एक दिवस अगोदर पोहोंचावें, आणि नकार मिळाल्यास त्याचें कारण नम्रपणें विचारून घ्यावें.

परीक्षकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठींही या कथेंत एक गोष्ट आहे. पुढें १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढून कर्व्यांनीं अशांसाठीं दार उघडलें, ज्यांना समाजानें परीक्षेला बसूंच दिलें नव्हतें. याचा धागा थेट साताऱ्याशीं जोडणें धाडसाचें होईल. पण ज्या मुलाला मंडळानें दारांतून परत पाठविलें, त्यालाच १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, देशानें भारतरत्न दिलें, हें मात्र प्रत्येक परीक्षकानें समोरच्या उमेदवाराकडे पाहतांना आठवावें.