पंढरपूरची गाडी आणि पंढरपूरची पायरी

आम्ही चौघे मित्र. एक गणिताचे निवृत्त मास्तर, एक एसटीतले माजी कंडक्टर, एक पुस्तकविक्रेता आणि चौथा मी. सोलापुरात पंचवीस वर्षं आमचा संध्याकाळचा चहा एकत्र होतो. पण चौघांनी मिळून कुठे गावाला जाणं कधी जमलं नव्हतं. गेल्या पौषात मास्तर म्हणाले, "शायर, एक दिवस पंढरपूरला जाऊन येऊ. सकाळी निघायचं, रात्री परत. आणि जायचं ते रेल्वेनंच."

कंडक्टर उखडले. "अहो, एसटीनं दोन तासांचं काम. कुर्डुवाडीचा वळसा कशाला घालायचा?"

मी गप्प राहिलो. मला रेल्वेनंच जायचं होतं, आणि त्याला घरचं कारण होतं. माझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, बार्शी लाइट रेल्वेत फायरमन होते. इंजिनात कोळसा टाकता टाकता त्यांची उमर गेली. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा रस्ता त्यांनी किती वेळा केला असेल, याचा हिशेब मास्तरांनाही लागायचा नाही. पण ते पंढरपूरच्या स्टेशनातून गावात कधी गेले नाहीत. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते आपल्या दखनीत म्हणाले, "अपना काम टेसन तलक लाने का. आगे उनका देव देखेगा."

भल्या सकाळी निघालो. मोहोळ, माढा मागे टाकत कुर्डुवाडी आली. तिथे उतरून पंढरपूरच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलो आणि मी मित्रांना या रुळांची गोष्ट सांगितली.

एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइट रेल्वे उभी केली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. १९०६ मध्ये हे रूळ पंढरपूरला पोचले, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली. नव्या शतकात अरुंद रूळ उखडून रुंद रूळ आले. आज आपण आरामात बसतो ती गाडी रुंद रुळांवरची.

कंपनीनं ही गाडी काही पुण्यासाठी चालवली नाही. बार्शीचा व्यापार आणि पंढरीची यात्रा, दोन्हींत उत्पन्न होतं. पण व्यापाराच्या पोटी एक गोष्ट आपोआप घडली. तिकिटाच्या खिडकीवर जात विचारत नव्हते. पैसे दिले की तिकीट मिळायचं. डब्यात कुणी अंग चोरून बसत असेल, कुणी तोंड वाकडं करत असेल, तरी सगळ्यांना ओढणारं इंजिन एकच होतं. त्यात कोळसा टाकणारा मुसलमान होता, याचीही कुणाला अडचण नव्हती.

मास्तर म्हणाले, "म्हणजे १९०६ मध्येच पंढरपूर सगळ्यांना खुलं झालं म्हणा की."

"स्टेशन खुलं झालं," मी म्हटलं. "देवळाला अजून एक्केचाळीस वर्षं होती."

मोडनिंब मागे पडलं आणि पंढरपूर आलं. आडदिवस असूनही गर्दी होती. आधी चंद्रभागेवर गेलो. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. तिथून महाद्वाराकडे आलो. समोर नामदेवांची पायरी. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. लोक त्या पायरीवर पाय न देता पुढे जातात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे.

या समाधीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं बांधकाम चालू असताना १३३८ मध्ये भिंत कोसळली आणि कामावरच्या मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून इथे आणल्या, असं परंपरा सांगते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळं घर अभंग रचणारं. मराठीत असं दुसरं घर मला ठाऊक नाही. आणि या घराला मंदिराचं दार बंद होतं. ज्यांचे अभंग आत गायले जात, त्यांची माणसं सहाशे वर्षं बाहेर उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत.

दार उघडलं ते १९४७ मध्ये. साने गुरुजींनी त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मनं वळवली आणि १ मे रोजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. १० मे रोजी ते सुटलं. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते. पुढे १९७३ मध्ये पंढरपूरच्या मंदिरांसाठी कायदा झाला. बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद त्यानंतरही चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिटला. इथे एकेका पायरीला असा वेळ लागला आहे.

दर्शनाची रांग लांब होती, म्हणून मुखदर्शन घ्यायचं ठरलं. मी जरा मागे रेंगाळलो. तेव्हा पुस्तकविक्रेता मित्र जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चल की. कुणी नाव विचारलंच तर माझं आडनाव सांग."

त्याच्या मनात प्रेमच होतं, हे मला कळत होतं. तरी ते वाक्य मला लागलं. पंचवीस वर्षं एका टेबलावर चहा पिणाऱ्या माणसाला माझं नाव खिशात लपवावंसं वाटलं होतं. मी म्हटलं, "विचारलं तर माझंच नाव सांगेन. नाही सोडलं तर इथे चोखोबांपाशी बसतो. इथे कवी पूर्वीपासून बसत आले आहेत."

आणि रांगेत उभा राहिलो. मुसलमान आणि पंढरपूर म्हटलं की १६५९ च्या अफजलखानाच्या स्वारीची आठवण निघते. ती टाळायचं कारण नाही. पण त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले, हीही आठवणच आहे. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा पहिल्या विसाव्याला ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. दोन्ही आठवणी घेऊनच मी पुढे सरकत होतो.

कुणी नाव विचारलं नाही. मागच्या एका आजीनं तेवढं म्हटलं, "सरक की बाबा पुढं, माजे पाय दुखत्यात." मी सरकलो. विठ्ठल दिसला. मूर्तीपुढे हात जोडण्याचा माझा रिवाज नाही, म्हणून जोडले नाहीत. डोळे भरून पाहिलं मात्र. दर्शन या शब्दाचा अर्थ पाहणं असाच आहे. सावळा दगड, कमरेवर हात, आणि समोर येईल त्याची वाट पाहत उभं राहणं. मला दादा आठवले. आयुष्यभर ते माणसं इथवर आणत राहिले आणि पुढचं या उभ्या राहिलेल्यावर सोपवून परत फिरले.

बाहेर चहा घेताना मित्र म्हणाला, "मघाशी चुकलंच माझं."

"चुकलं तुझं," मी म्हटलं, "पण चहाचे पैसे तू देणार असलास तर मिटलं."

सगळे हसले. पण मला वाटतं, त्यानं चुकलं म्हणणं महत्त्वाचं होतं. इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीतल्या लोकांच्या वेगवेगळ्या पंगती पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांनी ते लिहून ठेवलं. पंढरीच्या वाटेवर प्रेमही आहे आणि अंतरही आहे. अंतर नाहीच असं म्हणत राहिलं तर ते कमी होत नाही. ते आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं, मग दुसऱ्याला सरकता येतं.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसलो. स्टेशन मागे पडताना मनातल्या मनात दादांना सांगितलं, "तुमचं काम टेसनपर्यंत होतं. पुढचं मी पाहून आलो."