‘आता मूल नको’ म्हटलं तरी दिवस का जातात? जाणून घ्या कारणं आणि साधनं

‘पुढचं मूल कधी हवं?’ असं आशाताई विचारतात. ‘आता नको’, ‘दोन-तीन वर्षांनी बघू’, ‘बस झालं’ अशी उत्तरं मिळतात. पण नुसतं नको म्हटल्यानं दिवस जायचे थांबत नाहीत.

पाहणीत काय दिसलं?
१९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या ग्रामीण महिलांना २००२-०३ मध्ये पुन्हा भेटून विचारण्यात आलं. महाराष्ट्र, बिहार, झारखंड आणि तामिळनाडू या चार राज्यांत हे काम झालं. आधी ‘आणखी मूल नको’ म्हणणाऱ्या अनेकींना मधल्या काळात मूल झालं होतं. त्यातल्या बऱ्याच जणींनी नंतर ‘ते हवंच होतं’ असं सांगितलं. मांडीवरच्या लेकराला नकोसं कोण म्हणणार? म्हणून बाळंतपणानंतर विचारलं, तर नको असताना राहिलेल्या गरोदरपणाचा आकडा कमीच दिसतो.

२०१९-२१ च्या पाहणीत देशात एका महिलेमागे सरासरी २.० मुलं होती, हवी होती १.६. मूल नको किंवा उशिरा हवं, तरीही कोणतंच साधन वापरत नाहीत अशा विवाहित महिला ९.४ टक्के होत्या.

असं का होतं?
साधनाच्या त्रासाची भीती, नवऱ्याचा किंवा सासूचा नकार, मुलाची आस, नवरा कामासाठी बाहेरगावी असणं ही कारणं असतात. ‘अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समजही नडतो. पाळी परत येण्याआधीच दिवस जाऊ शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर भरवसा ठेवता येतो.

अंतर किती हवं?
बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने आणि गर्भपातानंतर किमान ६ महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?
• तांबी (कॉपर टी): बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा ६ आठवड्यांनी. प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षं चालते.
• अंतरा इंजेक्शन: दर ३ महिन्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी.
• छाया गोळी: पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंगावर पाजतानाही चालते.
• निरोध. मूल नकोच असेल तर नसबंदी. पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी असते.

नको असताना दिवस गेले तर?
दुकानातून गोळ्या आणून घरी प्रयोग करू नयेत. कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. सज्ञान महिलेची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. जितकं लवकर जाल, तितका धोका कमी.

‘आता नको’ हे ठरलं असेल, तर त्याच भेटीत आशाताईंकडून साधनही ठरवून घ्यावं. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाण्याआधीच नवरा-बायकोनं हे बोलून घेतलेलं बरं.