भरतपूरच्या म्हशी

भरतपूरला सगळे पक्षी बघायला जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो, पण परत आल्यापासून डोक्यात म्हशीच आहेत. का ते सांगतो.

गुडगावात नोकरी असली की केवलादेव म्हणजे हक्काचा वीकेंड. पहाटे गेटवर सायकल भाड्याने घ्यायची, नाहीतर सायकलरिक्षा. इथले रिक्षावाले पक्षी ओळखण्यात भल्याभल्यांना ऐकत नाहीत. सालिम अलींच्या नावाचं माहिती केंद्र आहे, तिथे अर्धा तास जरूर काढा. फोटो काढायची घाई असलेले लोक नेमकं तेच टाळतात.

खरं तर हे जंगल माणसानेच घडवलेलं. मुळात एक खोलगट जमीन, तिच्यात अजान बांधाचं पाणी कालव्यांनी सोडायचं. भरतपूरच्या राजघराण्याने ही व्यवस्था केली ती बदकांच्या शिकारीसाठी. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडात हिशोब कोरलाय: कुठला पाहुणा, किती पक्षी. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात 4273! आणि गंमत बघा, एवढ्या कत्तलीनंतरही पक्षी येत राहिले.

या सगळ्या काळात आसपासच्या गावांच्या म्हशी इथे चरत होत्या. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद. तज्ज्ञांचाही कल त्याच बाजूला होता. गावकऱ्यांना ना पर्यायी कुरण मिळालं, ना चारा. त्याच नोव्हेंबरमध्ये ते विरोधाला उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

पुढचं वाचून मी अक्षरशः थबकलो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास 1980 पासून इथेच चालू होता, त्यामुळे बंदीच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही आकडेवारी हातात. निष्कर्ष? म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम नावाचं गवत उथळ पाण्यात बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं, आणि बदकांना, मोठ्या पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशी जे काम फुकटात करत होत्या त्यासाठी माणसं आणि यंत्रं लावावी लागली. (आमच्याकडे जुन्या कोडमधली 'ही ओळ कशाला आहे' म्हणून काढली की प्रॉडक्शन झोपतं, तसंच. फक्त तिथे कोणी मरत नाही.)

म्हणजे म्हशी परत आणायच्या? कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत. मग मधला मार्ग निघाला: गावकऱ्यांनी आत येऊन गवत कापून न्यावं. पण माणूस कितीही वाकला तरी म्हशीसारखा पाण्यात बसून चरणार थोडाच! आमच्या रिक्षावाल्या काकांना विचारलं, तुमच्या घरी म्हशी होत्या का? "थीं। अब दो हैं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाडावरचं घुबड दाखवलं.

सगळं खापर गवतावर फोडता येणार नाही. सायबेरियन क्रौंच 2002 नंतर इथे दिसले नाहीत, त्याला अफगाणिस्तानपर्यंतच्या वाटेवरची शिकारही कारण होती. शिवाय वरच्या बाजूला पांचना धरण झालं आणि गंभीर नदीचं पाणी आटलं. त्या पाण्यावरून शेतकरी आणि उद्यान यांच्यात जे भांडण झालं, तो वेगळाच लेख होईल. पुढच्या वीकेंडला लिहितो.