कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि आपला जुन्नर प्रांत

जुन्नर-आंबेगावकडील आपले अनेक ज्ञातिबांधव अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापुरास जातात, रंकाळा पाहतात आणि परततात. टाऊन हॉलच्या बागेत घटकाभर विसावणारे पुष्कळ, पण आत पाऊल टाकणारे थोडे. त्यांच्याकरिता हा लेखनप्रपंच.

मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणे ही वास्तू १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. टोकदार कमानी, उतरती छपरे व मनोरे अशी तिची घडण गॉथिक धाटणीची आहे. नगराच्या सभासमारंभांसाठी बांधलेल्या या घरात वस्तुसंग्रहालय आले ते १९४९ साली. त्यास निमित्त झाले पंचगंगेकाठचे ब्रह्मपुरी हे टेकाड. तेथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगर उजेडात आले. ब्रह्मपुरीत मिळालेल्या काशाच्या वस्तूंत वीतभरही उंच नसलेली एक मूर्ती आहे. ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची! सह्याद्री ओलांडून रोमन जगातून आलेला हा देव आजही आपल्या सापडल्या गावीच नांदतो आहे. आबालाल रहिमान यांची चित्रेही याच छताखाली आहेत. ती पाहण्यास मात्र वेळ काढून जावे.

पोसायडनपुढे उभे असता आम्हांस आठवण झाली ती जुन्नरची. आपल्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने भोजनमंडप दिला, चंद याने गर्भद्वार दिले. त्यांच्याच शेजारी धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचेही दान नोंदलेले आहे. आमच्यासारख्या संघ चालविणाऱ्यांस त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नाणेघाटात तर सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या भंगल्या, वरची सिमुकादिकांची नावे तेवढी राहिली. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, त्यासवे किती घरांच्या खुणा गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

कोल्हापूरकरांनी जे केले ते वेळीच केले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. आमच्या माहितीतील एका घरी नांगरटीत निघालेली जुनी नाणी लहान मुलांच्या खेळण्यात गेली. दुसऱ्या घरची भांडी मोडीत निघाली. त्यांचा वजनाइतका पैसा आला. म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती की, शेतात वा घराच्या पायात काही जुने निघाल्यास ते घासूनपुसून लख्ख करू नये. कोणत्या शिवारात, किती खोलीवर, कशासोबत मिळाले हे त्याच दिवशी कागदावर लिहावे आणि तहसील कचेरीस कळवावे. पुढे कोल्हापुरास जाल तेव्हा तिकीट काढून आत जरूर जावे, आणि मुलांस बरोबर न्यावे.