ध्रुवसागरावरची लहान जहाजे



धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्या समुद्रापासून दूर, माळव्याच्या पठारावर वसलेल्या आहेत. परंतु आपल्या पीथमपुराच्या आसपास पडणारा पाऊस समुद्राची वाट विसरत नाही. जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळा त्यातले काही पाणी यमुनेच्या आणि पुढे गंगेच्या स्वाधीन करते. विंध्याच्या दक्षिण उतारावरचे काही नर्मदा घेऊन जाते. एक पाणी पूर्वसमुद्राला मिळते, दुसरे पश्चिमसमुद्राला. हे दोन्ही समुद्र ज्या महासागराची अंगे आहेत तो दक्षिणेस जेथे संपतो, तेथे अंटार्क्टिका हे हिमाच्छादित खंड आहे. त्या ओसाड बर्फाशी आमचा संबंध काय, असा प्रश्न माळव्यातला मनुष्य सहज विचारील. त्याचे उत्तर त्या समुद्रावर गेलेल्या जहाजांच्या इतिहासात आहे. काही जहाजे तेथे घेण्यासाठी गेली, काही जाणण्यासाठी गेली. आणि हे दोन हेतू पुष्कळदा एकाच जहाजावर शेजारी शेजारी बसलेले होते.

१७ जानेवारी १७७३ रोजी कॅप्टन जेम्स कुक याने ‘रेझोल्यूशन’ या शिडाच्या जहाजातून अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. त्यापूर्वी कोणी ते ओलांडल्याची नोंद नाही. जहाज होते अवघे ४६२ टनांचे. बर्फाच्या भिंतींनी त्याला अडविले आणि दक्षिण खंड त्याच्या दृष्टीस पडले नाही. तथापि, १७७५ साली तो दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला आणि तेथील सील प्राण्यांचा उल्लेख त्याने आपल्या वृत्तांतात केला. तो एका जिज्ञासू नाविकाने केला होता. वाचला मात्र व्यापाऱ्यांनी.

पुढे जे घडले ते वाचताना मन खिन्न होते. १८१९ साली विल्यम स्मिथ या इंग्रज नाविकाला दक्षिण शेटलंड बेटे आढळली आणि लगेच शिकारी जहाजांची तेथे रीघ लागली. १८२० साली नॅथॅनियल पामर हा तरुण अमेरिकन ज्या ‘हीरो’ नावाच्या नौकेतून या किनाऱ्याजवळ पोहोचला, ती पन्नास फुटांहूनही आखूड होती. त्याचे नाव आज भूशोधकांच्या यादीत घेतात. पण तो निघाला होता सीलच्या कातड्यांसाठी. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत या बेटांवरून निदान ३,२०,००० कातडी नेली गेली, असा जेम्स वेडेल याचा अंदाज होता. वेडेल स्वतः त्याच धंद्यातला होता. काही हंगामांतच फर-सील तेथून जवळजवळ नाहीसे झाले आणि जहाजे दुसरीकडे वळली.

नंतर पाळी आली देवमाशाची. १९०४ साली कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन दर्यावर्दीने दक्षिण जॉर्जियावर ग्रिटविकेन येथे देवमाशांचे तेल काढण्याचा तळ उभारला. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड प्राणी जो निळा देवमासा, त्याची चरबी दिव्यांत, साबणात आणि पावाला लावायच्या मार्गारीनमध्ये संपली.

याच काळात काही जहाजे निराळ्या ईर्षेने दक्षिणेस जात होती. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला; १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट पोहोचला आणि परतीच्या वाटेवर साथीदारांसह मृत्यू पावला. परंतु मनुष्याच्या धैर्याचे याहूनही विलक्षण उदाहरण अर्नेस्ट शॅकलटनचे आहे. त्याचे ‘एन्ड्यूरन्स’ जहाज वेडेल समुद्रातील बर्फात अडकले, चिरडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. अठ्ठावीस माणसे तरंगत्या बर्फावर राहिली, सील आणि पेंग्विन यांच्या मांसावर जगली आणि अखेर एलिफंट बेटावर पोहोचली. तेथून शॅकलटन पाच सोबत्यांना घेऊन बावीस फुटांच्या उघड्या होडीतून निघाला आणि सुमारे ८०० सागरी मैलांचा खवळलेला समुद्र ओलांडून दक्षिण जॉर्जियाला लागला. ज्यांनी त्याला आसरा दिला ते देवमाशांचे शिकारीच होते. पुढे त्याने एलिफंट बेटावरील सर्वांना सोडवून आणले. अठ्ठावीसांपैकी एकही दगावला नाही. मार्च २०२२ मध्ये ते जहाज ३,००८ मीटर खोलीवर सापडले. त्याच्या मागच्या अंगावरील नावाची अक्षरे अजून वाचता येतात.

आता आपल्या देशाकडे वळू. अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेसाठी व्हावा म्हणून हा विषय संयुक्त राष्ट्रसंघापुढे यावा, अशी सूचना भारताने १९५६ साली आणि पुन्हा १९५८ साली केली होती. ती पुढे सरकली नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी आपसांत अंटार्क्टिक करार केला. त्यात शांततेचे तत्त्व आले, पण भारत त्यात नव्हता. शिवाय नव्याने येणाऱ्यांपैकी जे राष्ट्र तेथे भरीव संशोधन करील त्यालाच निर्णयात मत मिळेल, अशी योजना होती. म्हणजे बोलायचे असेल तर आधी जायला हवे होते.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून भारत गेला. ‘पोलर सर्कल’ हे जहाज नॉर्वेहून भाड्याने घेतलेले होते. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम आणि त्यांच्यासह मंडळी एकवीस. फारशी वाच्यता न करता हे जहाज निघाले. चाळीस अक्षांशाच्या दक्षिणेस वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. तेथील लाटांत जहाज किती हेलकावे खाते याची कल्पना आपल्या पठारावर बसून येणे कठीण. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी हिमखंडावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यास परतली. पुढच्याच वर्षी, १९ ऑगस्ट १९८३ रोजी, भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला त्याला मताधिकार मिळाला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली तिसरी मोहीम गोव्याहून निघाली. तिच्यात प्रथमच दोन स्त्री-शास्त्रज्ञ होत्या. एक भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या डॉ. अदिती पंत. आपणां मराठी माणसांना हे दुसरे नाव विशेष जवळचे वाटावे. ज्या औंध संस्थानाने १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, त्या घराण्यातील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांची ही कन्या. जन्म नागपूरचा, पदवी पुण्याची, पुढचे शिक्षण हवाई आणि लंडन येथील, आणि संशोधन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. त्यांचा अभ्यासविषय होता समुद्रातील सूक्ष्म वनस्पती.

या विषयाचे महत्त्व थोडे समजून घेतले पाहिजे. दक्षिण समुद्रात उन्हाळ्याचा प्रकाश पडला की डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशी वनस्पती बेसुमार वाढतात. त्यांवर क्रिल नावाचा, कोळंबीसारखा, बोटाएवढाच जीव पोसतो. आणि या क्रिलवर पेंग्विन, सील, समुद्रपक्षी व निळा देवमासा असा सारा संसार चालतो. एक देवमासा दिवसाला कित्येक टन क्रिल गिळतो. शिकाऱ्यांनी तेलाची पिंपे मोजली. ही पिंपे मुळात ज्या हिरव्या कणांपासून भरत होती त्यांची मोजदाद करण्यासाठी आमची एक मराठी विदुषी त्याच समुद्रात गेली. शंभर-दीडशे वर्षांत जहाजाच्या हेतूत केवढा पालट झाला, हे यावरून दिसते.

त्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले आणि बारा जणांच्या तुकडीने तेथे पहिला हिवाळा काढला. परंतु ते ठाणे समुद्रावर पसरलेल्या हिमपट्टावर होते. साचत जाणाऱ्या बर्फाने काही वर्षांतच ते गाडून टाकले. मग शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभे राहिले आणि २०१२ साली लार्समन टेकड्यांत ‘भारती’. दरम्यान, १९९१ च्या माद्रिद येथील ठरावाने या खंडावर खनिजासाठी खोदकाम करण्यास मनाई झाली.

म्हणजे आता सर्व कुशल आहे काय? तसे म्हणता येत नाही. फर-सील दक्षिण जॉर्जियावर पुन्हा लाखांनी दिसू लागले. कुबड्या देवमासाही बराच सावरला. निळा देवमासा मात्र फार हळूहळू परततो आहे. क्रिलची मासेमारी चालू आहे. आणि आता तिसऱ्या प्रकारची जहाजे येत आहेत, पाहण्यासाठी येणाऱ्यांची. १९६९ साली खास या प्रवासासाठी बांधलेले ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे छोटे तांबडे जहाज त्यांतले आद्य. नोव्हेंबर २००७ मध्ये ते बर्फावर आपटून बुडाले. त्यावरील सर्व १५४ माणसे वाचली, ही दैवाची कृपा. आज एका उन्हाळ्यात लाखाहून अधिक प्रवासी तिकडे जातात. एका वेळी शंभरांहून अधिक प्रवाशांनी किनाऱ्यावर उतरू नये आणि पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाच उतरवू नये, असे नियम आहेत. म्हणून येथे अजूनही लहान जहाजाचेच माहात्म्य टिकून आहे. हे नियम आणखी बांधीव कसे करावेत याची चर्चा करार-राष्ट्रांनी मे २०२४ मध्ये कोची येथे, म्हणजे आपल्याच देशात केली. एके काळी ज्याची सूचना पुढे सरकली नव्हती त्या देशाच्या अंगणात हा विचार व्हावा, यात समाधान आहे. तितकीच जबाबदारीही आहे.

पीथमपूरची औद्योगिक वसाहत ज्या दशकात वाढीस लागली त्याच दशकात भारताचे पाऊल हिमखंडावर पडले. येथील कारखान्यांचा माल ज्या लोखंडी पेट्यांतून बंदराकडे रवाना होतो, तशाच १३४ पेट्या जोडून ‘भारती’ ठाणे बांधलेले आहे. तेव्हा अंटार्क्टिका आपल्याला अगदीच परके नाही. ज्यांनी ते आधी पाहिले त्यांनी ते लुटले. आपण उशिरा गेलो आणि अभ्यासासाठी गेलो. उशिरा जाणाऱ्याला आधीच्यांच्या चुका माहीत असतात. त्या पुन्हा होऊ न देणे, हेच त्या लहान जहाजांनी आपल्या हाती दिलेले काम आहे.