नाकावरच्या वणाची कुळकथा

नाकाच्या शस्त्रक्रियेचा वण राहू नये म्हणून बेळगाव-निपाणीकडे काय किंवा इतरत्र काय, चौकशी होते ती मलमाची. या विद्येचा इतिहास मात्र सांगतो की वणाचा निकाल सुरीच लावते. मलमाची पाळी नंतरची. टिपूविरुद्धच्या ज्या युद्धात मराठी फौजेनं 1791 साली बेळगावपलीकडचा धारवाडचा किल्ला घेतला, त्याच युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी कैद झाला आणि नाक व एक हात गमावून बसला. (नाव पारशी वाटलं, तरी नोंदीत तो मराठा शेतकरी आहे.) वर्षभरानं पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. ही रीत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बेतायचा, तो कपाळावर सपाट ठेवून कडेनं रेघ आखायची आणि तेवढी कातडी सोडवायची. रक्त चालू राहावं म्हणून भुवयांमधली पट्टी तेवढी जोडलेली ठेवायची. मग कातडी फिरवून खाली आणायची आणि कड नाकाभोवती पाडलेल्या खाचेत बसवायची. टाका एकही नाही. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि त्या सांध्यावर चिकटवायच्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला दुवा कापायचा. कपाळावरचा वण काही काळानं फारसा दिसत नाही, असंही तिथं नोंदवलं आहे.

हे कौतुकापोटी लिहिलं असेल, अशी शंका रास्त आहे. एवढं कपाळ सोलल्यावर खूण राहणारच. पण टाकेच नसल्यानं टाक्यांच्या आडव्या खुणा तरी टळल्या. कुणी म्हणेल, तुटलेलं नाक घडवणं निराळं आणि धडधाकट नाक सुबक करणं निराळं. पण नाक कापण्याची शिक्षा चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये म्हणूनच होती, तेव्हा दिसणं हा तिथंही मुख्य प्रश्न होता. पुढं लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूनं 1814 साली हीच कपाळाची रीत वापरली. 1887 मध्ये अमेरिकेत जॉन रो यानं नाकपुडीच्या आतूनच छेद घेतला आणि वण नजरेआड गेला. आज नाक उघडून काम करायचं झालं, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडदीवर खालच्या बाजूनं छोटा छेद घेतात. तोही सरळ न घेता उलट्या व्हीसारखा मोडता घेतात, कारण सरळ वण आकसला की कड ओढली जाते. तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा, छेद कुठे आणि कसा घेणार? मलमाचं नंतर.